सिग्माची कॅसेट

केडगाव म्हटलं की समोरचा विचारतो, "दौंडजवळचं का?" ते नव्हे. त्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, नारायण महाराजांचं बेट आहे, रेल्वे स्टेशन आहे. आमचं केडगाव नगरचं. पुण्याहून येताना शहरात शिरण्याआधी लागतं ते, रेणुकामातेचं. हा खुलासा आधीच करून टाकतो, कारण माझ्या संग्रहातली सगळ्यात महागडी वस्तू या नावाच्या घोळापायी अकरा दिवस त्या दुसऱ्या केडगावात पडून होती, आणि ती सोडवून आणायला मला एसटीनं तिकडं जावं लागलं होतं.

वस्तू म्हणजे पंधरा सीडींचा एक खोका. 'स्टार ट्रेक' या जुन्या अमेरिकन मालिकेचं पार्श्वसंगीत. ला-ला लँड रेकॉर्ड्स नावाच्या कंपनीनं २०१२ च्या डिसेंबरात तो काढला, प्रती फक्त ६०००. भाचा न्यू जर्सीत असतो, त्याच्या मागं लागून मागवला. घरी आणून उघडला तेव्हा बायकोनं एवढंच विचारलं, "यात गाणी किती?" म्हटलं, नावापुरतीच. "मग पंधरा तबकड्या लागल्या कशाला?"

या प्रश्नाकडं मी पुढं येणार आहे. आधी दुकानाचं सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुणे रस्त्यालगत आठ बाय दहाचा गाळा घेऊन मी दुकान टाकलं. पाटीवर मोठ्या अक्षरात 'टीव्ही-टेप रिपेअरिंग' आणि खाली बारीक अक्षरात 'कॅसेट भरून मिळतील'. पोट भरायचं ते खालच्या ओळीवर. गिऱ्हाईक वहीचं पान फाडून त्यावर गाण्यांची यादी घेऊन यायचं. मी विचारायचो, साठची का नव्वदची? आणि साठचीच गळ्यात मारायचो. नव्वदची फीत पातळ असते. उन्हाळ्यात ताणते, रोलरला गुंडाळते, आणि मग तोच माणूस फितीचा गुंता ओंजळीत धरून दारात उभा राहतो. साठच्या एका बाजूला तीस मिनिटं. सहा गाणी नीट बसली की शेवटी मिनिट-दीड मिनिट उरतंच. सातवं गाणं त्यात मावत नाही आणि कोरी फीत सोडली तर गिऱ्हाईक म्हणतं, पैसे पूर्ण घेतले आणि कॅसेट अर्धी दिली. या उरलेल्या तुकड्याला आम्ही शेपूट म्हणायचो. बाकीचे दुकानदार शेपटात एखाद्या गाण्याचा अर्धा तुकडा टाकत. मी टीव्हीवरच्या मालिकांच्या धुना टाकायला लागलो.

का, ते आता सांगता येणार नाही. हाताशी होत्या म्हणून असेल. दुरुस्तीला आलेले सेट 'टेस्टिंगला ठेवलेत' म्हणून दिवसभर चालू असायचे, आणि रविवारी सकाळी तर दुकानात उभं राहायला जागा नसायची, कारण दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. बोलणं इंग्रजी, तेही अमेरिकन. आमच्यातल्या कुणालाही त्यातलं धड कळत नव्हतं. पण धोका आला, माणूस खोटं बोलतोय, बाई प्रेमात पडली, हे सगळं बाजावरून समजायचं. तुतारीसारखी वाद्यं खाली उतरायला लागली की पुढं बसलेली पोरं आपोआप मागं सरकत. इंग्रजी येत असतं तर मी ते संगीत ऐकलं असतं का, शंका आहे.

टीव्हीवरून आवाज काढून घेणं हे दिसतं तितकं सोपं नव्हतं. टेपचा माइक टीव्हीसमोर धरला तर खोलीतला खोकलासुद्धा भरतो. म्हणून स्पीकरवरून वायर काढून थेट टेपला द्यायची. पण त्या काळच्या बऱ्याच ब्लॅक अँड व्हाइट सेटना मेन्स ट्रान्सफॉर्मर नसायचा. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की सगळ्या चासीवर फेज. टेस्टर लावला की लख्ख पेटायचा. अशा सेटला टेप सरळ जोडला तर टेपच्या पत्र्यालाही करंट येतो. मला एकदा असा झटका बसला की हातातला स्क्रू ड्रायव्हर समोरच्या रसवंतीत जाऊन पडला. मग मोडक्या ट्रान्झिस्टरमधला बोटाच्या पेराएवढा आउटपुट ट्रान्सफॉर्मर काढला आणि मध्ये टाकला. वीज अडते, आवाज पलीकडं जातो. तो ट्रान्सफॉर्मर काड्यापेटीत बसवून मी वीस वर्षं वापरला. काड्यापेटी अजून आहे.

आम्ही करत होतो ती चोरी होती, हे आडपडदा न ठेवता सांगतो. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अशा नकलांना शिक्षा वाढली. त्यानंतर पाटीवरची खालची ओळ मी रंगानं पुसली. धंदा तोच राहिला.

शेपटांचा परिणाम असा झाला की लोक दुकानात येऊन विचारायला लागले, "त्या अभंगाच्या कॅसेटच्या शेवटी ते काय वाजतंय हो?" एका आजींनी तर तक्रार केली की हरिपाठानंतर कुणीतरी बाई गळा काढते. ती बाई म्हणजे 'स्टार ट्रेक'च्या शीर्षकधुनेतली गायिका. लूली जीन नॉर्मन हे तिचं नाव मला फार पुढं कळलं.

कळलं ते मेहेराबादमुळं. आमच्याजवळच अरणगाव आहे, तिथं मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी आहे. दर वर्षी ३१ जानेवारीला अमरतिथीला जगभरातून लोक येतात. बाबांनी १९६९ साली याच तारखेला देह ठेवला. या पाहुण्यांचे वॉकमन धुळीनं बंद पडत आणि ते शोधत शोधत माझ्याकडं येत. असाच एक लांबसडक अमेरिकन म्हातारा आला. मी हेड स्पिरिटनं पुसून, टेस्टिंगला म्हणून हाताशी होती ती कॅसेट घातली. नेमकं शेपूट वाजलं. तो खुर्चीतून उठला, तोंडानं सगळी धून शिट्टीत वाजवली आणि मला मिठी मारली. पुढच्या अमरतिथीला आला तो माझ्यासाठी विकतची कॅसेट घेऊन. जीएनपी क्रेसेंडो कंपनीनं १९८५ साली 'स्टार ट्रेक'च्या सुरुवातीच्या दोन भागांचं मूळ संगीत बाजारात आणलं होतं, ते हे. मालिका १९६६ ते १९६९ मधली. म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण लोकांच्या हातात पडायला पंधरा-वीस वर्षं गेली होती.

इतका उशीर का, हे त्यानं समजावून सांगितलं. त्यांच्याकडं वादकांची संघटना जबर. टीव्हीसाठी वाजवलेलं संगीत तबकडीवर काढायचं तर वादकांना पुन्हा पैसे मोजावे लागतात. म्हणून कंपन्या एक तर तेच संगीत नव्या वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेत, नाहीतर नाद सोडून देत. पण ऐकणाऱ्यांना नवं वाजवलेलं नको होतं. त्यांना तेच हवं होतं, त्या दिवशी त्या स्टुडिओत त्या माणसानं फुंकलेलं. मला हे हट्टाचं वाटलं नाही. आमच्याकडंही लोक म्हणतातच की, बालगंधर्वांची तीच तबकडी लाव, दुसऱ्या कुणाचं नको.

धून अलेक्झांडर करेज यांची. सुरुवातीला यान पडद्यावरून सुसाट जातं तेव्हा जो सूंऽऽ असा आवाज येतो, तो त्यांनी कुठल्या यंत्रातून काढलेला नाही. माइकसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं काढला. आणि बायकोच्या प्रश्नाचं एक गमतीदार उत्तर इथं आहे: त्या धुनेला शब्द आहेत. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी यानं ते लिहिले. मालिकेत ते कुणी कधी गायलं नाही. पण शब्द आहेत म्हणून धुनेच्या मानधनातला अर्धा वाटा त्याला मिळत राहिला. करेज यांना हे शेवटपर्यंत टोचलं असेल तर नवल नाही.

आता प्रश्नाकडं. आपल्याकडं कॅसेट विकली जायची ती गाण्यावर. 'रामायण' १९८७ ला सुरू झालं, 'महाभारत' १९८८ ला, आणि त्यांच्या कॅसेटी माझ्याकडं गठ्ठ्यानं खपल्या, कारण त्यांत चौपाया होत्या, भजनं होती, देवघरात लावता येत होत्या. 'इंद्रधनुष' १९८९ मध्ये आलं. एक पोरगा संगणक जोडतो आणि काळात मागं-पुढं जातो, गिरीश कर्नाड त्यात होते, पोरांमध्ये करण जोहर आणि ऊर्मिला मातोंडकर. त्याच सुमारास 'स्पेस सिटी सिग्मा'. कॅप्टन तारा आणि तो भयंकर झखाकू. या दोन्ही मालिका पोरांनी डोक्यावर घेतल्या, पण त्यांच्या संगीताची कॅसेट माझ्या दुकानात कधी विकायला आली नाही. पुण्या-मुंबईच्या घाऊकवाल्यांना विचारलं की ते म्हणायचे, त्यात गाणं कुठाय? टुंई टुंई कोण विकत घेणार?

टुंई टुंई हाच शब्द मला पुढं रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या एका बैठकीतही ऐकावा लागला. महाराष्ट्रात हा नाद जुना आणि शिस्तीचा. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. डॉ. सुरेश चांदवणकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, पण नाट्यपदांच्या अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकड्यांचा माग काढत त्यांनी या संस्थेचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं. अशी माणसं होती म्हणून लाखेच्या तबकड्या भंगारातून वाचल्या. पण टीव्हीचं संगीत म्हणजे फितीवरचं, तेही दुकानदारानं भरलेलं, त्याला तबकडीचा क्रमांक नाही, लेबल नाही. ज्या बैठकीचं म्हणतोय तिथं माझी पिशवी कुणी उघडूनही पाहिली नाही. चहा मात्र चांगला होता.

त्यांचंही काय चुकलं? कशाची किंमत कधी होईल ते सांगता येत नाही. मुंबईचे चरणजित सिंग सिनेमात वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली नव्या जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, एचएमव्हीनं तबकडी काढली, ती पडली. २००२ साली एका डच संग्राहकाला ती दिल्लीच्या दुकानात सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि म्हाताऱ्या चरणजितना परदेशातून बोलावणी आली. त्याहून आश्चर्याची गोष्ट अहमदाबादची. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवला होता, आणि तिथं जिनराज जोशीपुरा नावाच्या विद्यार्थ्यानं 'स्पेस लायनर २००१' असं नाव देऊन अंतराळप्रवासाचे आवाज तयार केले होते. त्या फिती कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये तबकडीवर आल्या. म्हणजे चंद्रावर माणूस उतरला त्या सुमारालाच आमचं टुंई टुंई आपल्या देशात सुरू झालेलं होतं. मला हे तेव्हा ठाऊक असतं तर त्या बैठकीत दोन शब्द बोललो असतो.

केडगावात मात्र या संगीताचं एकदा जाहीर प्रकाशन झालं, आणि तेही मांडवात. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू येऊन गेला. त्या वर्षीच्या गणपतीत आमच्या आळीच्या मंडळानं धूमकेतूचा हलता देखावा केला. सायकलच्या चाकावर थर्मोकोलचे ग्रह, गिअरला शिलाई मशीनची मोटर, धूमकेतूला कापूस आणि शेपटीला जिलेटीनचा लाल कागद. देखाव्याची कॅसेट भरायचं काम माझ्याकडं. निवेदन शाळेतल्या गुरुजींनी केलं, "सूर्यमालेच्या अथांग पोकळीतून" वगैरे. त्याच्यामागं मी माझी सगळी शेपटं एकापुढं एक जोडली. दाढीच्या पात्यानं फीत तिरकी कापायची, टोकाला टोक भिडवायचं, मागून चिकटपट्टी, वरून नखानं दाबायचं. चिकटपट्टी रेसभर जरी बाहेर राहिली तरी हेडला चिकटते आणि देखावा मध्येच मुका होतो.

लंडनला बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशायर नावाच्या बाईनं १९६३ साली 'डॉक्टर हू'ची धून याच पद्धतीनं बनवली होती. रॉन ग्रेनर यांनी स्वर लिहून दिले, आणि हिनं एकेक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करून, त्याचे फितीचे तुकडे मापानं कापून हातानं जोडले. ग्रेनर स्वतः म्हणत होते की तिचं नाव बरोबरीनं लागलं पाहिजे, पण संस्थेच्या नियमात ते बसलं नाही. मी हे वाचलं तेव्हा माझं पातं आठवलं. बरोबरीची गोष्ट नाही ही, तिचं काम कुठं आणि गणपतीचा देखावा कुठं. पण चिकटपट्टीचा त्रास तिलाही झाला असणार.

दहा दिवस रोज रात्री भोंग्यावरून 'स्टार ट्रेक'ची धून अख्ख्या केडगावानं ऐकली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चार जण ती कॅसेट भरून मागायला आले. निवेदनासकट.

आता जिच्यावर हा लेख लिहायला बसलो ती कॅसेट. साल १९८९ किंवा त्याच्या पुढचं. 'सिग्मा' लागणार होतं. दुकानात त्या वेळी एकच सेट चालू स्थितीत, तोही गॅरंटीतला, सील तोडायचं नव्हतं. त्यामुळं पाठ उघडून वायर काढता येईना. नाइलाजानं टू-इन-वन टीव्हीसमोर स्टुलावर ठेवला आणि त्याचाच माइक चालू केला. पोरांना दम दिला, आवाज करायचा नाही. टेप सेलवर लावला होता, प्लगला टीव्ही असल्यामुळं.

नऊ मिनिटं पोरं खरंच गप्प बसली. नवव्या मिनिटाला लाइट गेली.

टीव्ही बंद. शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर बंद. टेप मात्र सेलवर चालूच, आणि अंधारात ते माझ्या लक्षात आलं नाही. आधी नुसती ओरड ऐकू येते. मग एक जण म्हणतो, आता झखाकू काय करणार? यावर गिरणीवाल्याचा धाकटा, असेल नऊ-दहा वर्षांचा, म्हणतो, "मला म्हाईत्ये." आणि सांगायला लागतो. झखाकूचं यान नगरलाच उतरलंय. कुठं? चांदबीबीच्या महालात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, शहरापासून थोडं लांब डोंगरावर ही इमारत आहे, अष्टकोनी, तीन मजली, कमानींची. चांदबीबीशी तिचा संबंध नाही, सलाबतखानाची कबर आहे ती. पण लांबून पाहिली तर यान वाटावं अशीच. पोरगं सांगतं की ती इमारत नाहीच, इतकी वर्षं ती आपल्याला फसवतेय, रात्री तिच्या कमानी फिरतात. दुसरा आत शिरतो, तिसरा भिंगारच्या रणगाड्यांना बोलावतो. आणि यान उडायची वेळ आली की धाकटा तोंडानं आवाज काढतो, श्शूंऽऽऽ. करेजसाहेबांसारखाच. त्यानं त्यांचं नाव ऐकलेलं असण्याची काहीच शक्यता नाही.

एकवीस मिनिटं हे चाललंय. शेवटी महालाचा तिसरा मजला उघडतो, आतून हिरवा उजेड येतो, धाकटा म्हणतो, "आणि आत व्हता..." खट्. बाजू संपली.

गेल्या वर्षी पुण्याहून एक तरुण आला. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचे आवाज जमवतो, नोकरी संगणकातली. तीन दिवस माझ्या कॅसेटी संगणकात उतरवत बसला. 'सिग्मा'ची ऐकली आणि नऊ मिनिटांनंतर हात बटणावरून काढलाच नाही. बाजू संपल्यावर हेडफोन काढून म्हणाला, "काका, आत कोण होतं?"

मला कुठं माहीत.

दुसरी एक अडचण त्यानं दाखवली. सेल उतरत आलेले असणार. मोटर हळूहळू मंद झाली, त्यामुळं आज नीट वेगानं वाजवलं की आवाज चढत जातात. सुरुवातीला पोरं पोरांसारखी, मध्यावर बारीक, शेवटी तर परग्रहावरून बोलावं तशी. अशा फितींचा वेग दुरुस्त करायचा तर विजेची गुणगुण धरतात, असं तो म्हणाला. पन्नास हर्ट्झची ती मागं सगळीकडं असतेच, तिच्यावरून वेग किती घसरला ते काढता येतं. त्यानं शोधली. पहिल्या नऊ मिनिटांत ती आहे. पुढं नाही. लाइटच नव्हती, तर गुणगुण येणार कुठून?

मग मी मोबाइलवर तो तुकडा घेतला आणि गिरणीत गेलो. धाकटाच आता गिरणी चालवतो, पंचेचाळिशी ओलांडलीय. त्यानं पट्टा उतरवला, हात झटकले, कानावरचं पीठ पुसून हेडफोन लावला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. श्शूंऽऽऽ पर्यंत आला, तिथं भुवया जरा हलल्या.

"हा मी न्हाई, काका," तो म्हणाला. "एवढा बारीक आवाज आमच्यात कुणाचाच नव्हता."

म्हटलं, अरे, तूच तो. आत कोण होतं, तेवढं आठवतंय का?

त्यानं हेडफोन परत दिला आणि माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. "दळण न्हाई आणलं व्हय?"